उघाडीचं दार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आम्हाला सहावीत भूगोल शिकवला. भरती-ओहोटीचा धडा आला की ते फळ्यावर चंद्र काढत नसत. सगळा वर्ग घेऊन खाडीवर जात आणि विचारत, "आज तिथी कोणती?" कुणीतरी म्हणे, तृतीया. "मग पाऊणपट करा." तीनची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनच्या सुमाराला खाडीचं पाणी भरून उभं राहायचं, त्यावर टाकलेलं पान हलेनासं व्हायचं, आणि गुरुजी मनगटावरचं घड्याळ आमच्यापुढे धरायचे.

हे गणित आम्हाला नवीन नव्हतं. खारेपाटातल्या घराघरांत ते होतं. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला मात्र माझा आजा पाऊणपट करत नसे, सरळ 'बारा' म्हणे. असं का, ते गुरुजींनी सांगितलं. भरती दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे सरकते, आपण सोयीसाठी पंचेचाळीसच धरतो. ती तीन-तीन मिनिटं साचतात आणि पंधराव्या तिथीला पाऊण तासाची तूट येते. आज्याच्या हिशेबात चूक होती, आणि ती कोणत्या दिवशी भरून काढायची हे त्याला बरोबर ठाऊक होतं. चूक कुठून आली हे त्याला सांगता आलं नसतं. पण वर्षानुवर्षं रोज पाण्याकडे पाहणाऱ्या माणसांनी ती पकडली होती.

संयोजकांनी मला विषय दिला तो मोठा आहे: पारंपरिक पर्यावरणीय ज्ञान आणि बदलाला सामोरे जाणारे समाज. या विषयावर जगभर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी त्यातला एकच बांध घेणार आहे. ज्या बांधावर मी वाढले, तो.

रायगड जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या मधून अंबा नदी धरमतरच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. या खाडीच्या आणि तिच्या फाट्यांच्या काठाने जी सपाट, काळी, झाडाविना पसरलेली जमीन दिसते, तो खारेपाट. पाहुण्याला ती साधी भातशेती वाटते. पण उधाणाच्या दिवशी बांधावर उभं राहून एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे पाहावं. उजवीकडे खाडीचं पाणी छातीपर्यंत आलेलं असतं आणि डावीकडे भाताचं रोप त्या पाण्याच्या खाली उभं असतं. मध्ये काय आहे? मातीचा बांध. म्हणजे चिखल, पेंढा, दगड आणि दरवर्षीची माणसांची मेहनत.

या बांधाला जागोजागी एक तोंड असतं. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. जुनी उघाडी दगडाची आणि तिचं दार लाकडाचं. दार वरच्या बाजूला टांगलेलं, खालून मोकळं, आणि ते फक्त बाहेरच्या बाजूला उघडतं. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून दार दाबतं आणि दार चौकटीला घट्ट बसतं. ओहोटी लागली की बाहेरची पातळी उतरते, आत साचलेलं पावसाचं पाणी दाराला ढकलतं आणि निघून जातं. दिवसातून दोन वेळा समुद्र स्वतःच स्वतःला बाहेर ठेवतो आणि दोन वेळा आपलं पाणी घेऊन जातो. इंजिन नाही, वीज नाही. लहानपणी मी तासन् तास त्या दारापाशी बसले आहे. पाणी फिरण्याच्या क्षणी दार आधी जरासं थरथरतं, मग एक बारीक फट पडते आणि तिच्यातून पहिली धार सुटते. आजही तितकं सुंदर यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण दार आपोआप चालतं म्हणजे काम आपोआप होतं असं नव्हे. चौकटीत तिवराची एक काटकी अडकली की दार बोटभर उघडं राहतं आणि एका रात्रीत खारं पाणी आत. म्हणून उघाडीवर माणूस लागतो. भरती पाऊणपटीनं कळते, पण काटकी पाहायला जावंच लागतं.

आता मिठाची गोष्ट. उन्हाळ्यात खारेपाटाची जमीन भेगाळते आणि खालचं मीठ पाण्याबरोबर वर चढून पांढऱ्या पापुद्र्यासारखं साचतं. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून कुणी पेरत नाही. ते पाणी शेतात अडवायचं, मीठ त्यात विरघळू द्यायचं, मग ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं. पुन्हा पाऊस, पुन्हा भरणं, पुन्हा सोडणं. किती वेळा? याचं उत्तर आज्याच्या जिभेवर होतं. तो वाकून ओंजळभर पाणी घेई, जिभेला लावी आणि थुंकून टाकी. "अजून नाय." चार दिवसांनी पुन्हा. मग एके दिवशी तो ते पाणी थुंकत नसे, आणि घरात भिजत घातलेल्या बियाण्याची पोती उघडली जात. मोड आलेलं भात चिखलावर फेकायचं, ही रहू पद्धत. खारीच्या शेतात नांगर फारसा फिरत नसे. खालची खारट माती वर आणायची कशाला?

जे भात फेकायचं तेही साधं नव्हतं. रत्ता. लाल दाण्याचं, जाडं, आणि मिठाला न भिणारं. काळा रत्ता आणि भुरा रत्ता या त्याच्या जाती. कृषी खात्याने पुढे त्यांतून निवड करून काळा रत्ता १-२४ आणि भुरा रत्ता ४-१० असे वाण तयार केले. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी भुरा रत्ता ४-१० आणि त्या काळी देशभर गाजलेला आयआर-८ यांचा संकर केला आणि पनवेल-१ हे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आयआर-८ फिलिपाइन्समधल्या संशोधन संस्थेतून आलेला, भरघोस पिकणारा. पण त्याला खारट चिखलात उभं राहायला शिकवलं ते आमच्या आज्या-पणज्यांनी राखलेल्या लाल भाताने. कुणीतरी दरवर्षी त्या शेतातली उत्तम कणसं वेगळी काढली, सुकवली, कणगीत जपली. ते राखलं नसतं तर प्रयोगशाळेला हात घालायला काही उरलंच नसतं.

हे 'कुणीतरी' बहुतेक वेळा बाई होती, हेही आज सांगितलं पाहिजे. बियाणं निवडायची ती, चिखलाच्या पाट्या डोक्यावर वाहायची ती, पहाटेच्या ओहोटीला खाडीत उतरून चिंबोऱ्या आणि कालवं घेऊन यायची ती. पण बांधाच्या बैठकीत तिचं नाव नव्हतं. जमिनीच्या उताऱ्यावरही नव्हतं. परंपरेचा गौरव करायला उभं राहिल्यावर हे झाकून ठेवणं मला जमणार नाही.

या बैठकीचं नाव जोळ. एका बांधाआड ज्यांच्या जमिनी, ते सगळे एका जोळीतले. ज्याची जितकी जमीन, त्याच्या घरून तितकी माणसं. वैशाखात, पावसाआधी, सगळी जोळ बांधावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाई. खाली पाहत. कारण बांध लाटेने क्वचित फुटतो. बहुतेक वेळा तो फुटतो चिंबोरीच्या बिळाने. बोटाएवढं बीळ, त्यातून उधाणाचं पाणी झिरपतं, झिरपताना माती घेऊन जातं, बीळ मुठीएवढं होतं, मग हाताएवढं, आणि एका भरतीत बांधाला खिंडार पडतं. त्या खिंडाराला आम्ही खांड म्हणतो. बीळ दिसलं की खणून, चिखलाचा गोळा ठोकून बंद करायचं. गावातल्या कुठल्याही मोठ्या कामापेक्षा हे बारीक काम मोठं होतं.

मी दहा वर्षांची असताना आमच्या बांधाला खांड गेली. आषाढी अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे श्रावणातली द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. रात्री दीडच्या भरतीला आवाज आला. तो आवाज मी कशासारखा सांगू? पाण्याचा नव्हता, माती बसल्याचा होता. मग अंधारात हाक आली, "खांड गेली! खांड गेली!" आणि आमच्या आळीतल्या दारांच्या कड्या एकामागोमाग एक निघाल्या. कुणी कुणाला बोलवायला गेलं नाही. कंदील, फावडी, पेंढ्याचे भारे, घरातली जुनी दारंसुद्धा. भरती असेपर्यंत काही करता येत नाही, नुसतं उभं राहायचं आणि आपल्या शेतात समुद्र शिरताना पाहायचा. पहाटे ओहोटी लागली तेव्हा काम सुरू झालं. खांडीच्या दोन्ही बाजूंना वासे ठोकले, मध्ये पेंढा आणि तिवराच्या फांद्या, त्यावर चिखलाचे गोळे. माणसांची रांग लावून गोळा हातोहात पुढे. दुपारी दोन-सव्वादोनला पुढची भरती, त्याआधी जेवढी उंची गाठता येईल तेवढी. आमची उंची थोडी कमी पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार दिवस. मग उधाण ओसरलं, भांग म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीचे दिवस लागले आणि बांध धरला.

त्या वर्षी आमचं अर्धं भात गेलं. त्याच्या पुढच्या वर्षीही पीक निम्मंच आलं, कारण शिरलेलं मीठ एका पावसात धुऊन निघत नाही. पण त्या चार दिवसांत ज्यांच्या जमिनी खांडीपासून लांब होत्या, ज्यांचं काहीच बुडालं नव्हतं, तेही आमच्याबरोबर चिखलात होते. आज्याला मी विचारलं, ते का आले? त्याला प्रश्नच कळला नाही. "जोळीतले हायत," एवढंच म्हणाला.

आता या चित्रावर सोन्याचा मुलामा चढवायचा मोह होतो, तो टाळू या. खारेपाट आमचा होता असं म्हणते, पण तो आमचा कागदोपत्री फार उशिरा झाला. या भागात खारबंदिस्तीसाठी शिलोत्री पद्धत होती. बांधाची डागडुजी करणाऱ्या शिलोत्रीदाराला कुळांनी जादा धान्य द्यायचं. वर खोत. पिकाचा मोठा वाटा त्याचा. बांधावर घाम कुळाचा आणि कणगी खोताची. म्हणून १९३३ साली पोयनाडजवळच्या चरी गावात शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. १९३९ पर्यंत, सहा वर्षं, कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. लाकडं तोडून, मासळी पकडून, मजुरी करून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा यायला १९४९ उजाडलं. कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्यानंतर कसणाऱ्याच्या नावावर जमीन आली.

या संपाबद्दल शेतकरी चळवळीच्या इतिहासात लिहिलेलं असतं. मी त्याकडे आजच्या विषयाच्या अंगाने पाहते. भूमिहीन, कर्जबाजारी कुळं सहा वर्षं एकजूट कशी राहिली? पुढाऱ्यांचं बळ होतं, भाकरीचा प्रश्न होता, हे खरंच. पण ज्या गावांना पिढ्यान् पिढ्या रात्री-अपरात्री एका हाकेवर बांधावर जमायची सवय होती, त्यांना एकत्र येणं नव्याने शिकावं लागलं नसावं, असं माझं मत आहे. पुरावा मागाल तर माझ्याकडे तो आमच्या आळीतल्या कड्यांच्या आवाजाएवढाच आहे.

गंमत नव्हे, दुःख असं, की जमीन नावावर आली त्याच सुमाराला जोळ सैल होऊ लागली. १९४८ च्या मुंबई खारभूमी कायद्याने सरकार बांधांच्या कामात उतरलं. पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा झाला. उद्देश चांगला होता, कामंही झाली. बांध उंच झाले, दगडी अस्तर आलं, उघाड्या सिमेंटच्या झाल्या. शिलोत्रीदाराच्या जागी सरकार आलं, याचा आनंद कुणाला नव्हता? पण बांध 'खात्याचा' झाला तसा वैशाखातला फेरा बंद झाला. चिंबोरीचं बीळ दिसलं तर त्यात चिखल ठोकण्याऐवजी अर्ज लिहिला जाऊ लागला. अर्जाला मंजुरी यायला जेवढे महिने लागतात तेवढी भरती थांबत नाही. मी यात कुणा अधिकाऱ्याला दोष देत नाही, त्यांतले काही जण जीव ओतून काम करणारे होते. दोष असेल तर तो समजुतीचा. बांध म्हणजे मातीची वस्तू आहे, असं आपण समजलो. तो दरवर्षी केला जातो म्हणून असतो, हे विसरलो.

त्याच काळात गावातली तरणी माणसं मुंबईला, मग थळ, नागोठणे, उरणच्या कारखान्यांत आणि बंदरात गेली. माझे दोन्ही भाऊ गेले. मीही शिकायला बाहेर पडले. रात्रीची हाक ऐकायला घरात माणूसच राहिला नाही. धरमतरच्या खाडीत मोठ्या बार्जची ये-जा सुरू झाली, त्यांच्या लाटा बांधाचा पाया खाऊ लागल्या. ज्ञान विस्मृतीत गेलं असं आपण म्हणतो. माझ्या गावात कुणीही काहीही विसरलेलं नाही. खांड कशी बांधायची हे सत्तरीतली माणसं आजही बारकाव्यानिशी सांगतात. सांगतात, आणि खाटेवर बसून राहतात, कारण चिखलाचा गोळा हातोहात द्यायला रांगेत चाळीस माणसं लागतात.

इथून दक्षिणेला गोव्यात गेलं की हीच कहाणी वेगळ्या शब्दांत भेटते. तिथे या जमिनीला खाजन म्हणतात, उघाडीला मानस. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा या राजाच्या बांदोड्याच्या ताम्रपटात खाजन जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे तेराशे-चौदाशे वर्षं तरी हे काम चाललं आहे. आज गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. तिथे आमच्या रत्त्याच्या जागी कोरगूट आहे, आमच्या जोळीच्या जागी गावकरी. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनाही ही व्यवस्था मोडता आली नाही. १५२६ साली त्यांनी गावकरीच्या रीती लिहून घेतल्या आणि त्यांवरच कर बसवला. गोवेकरांनी एक गोष्ट आमच्यापेक्षा नेटकी केली होती: मानशीपाशी मासेमारीचा हक्क लिलावात द्यायचा आणि त्या पैशातून बांध राखायचा. भात आणि मासळी एकाच दाराने बांधलेली.

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला. कुळांना न्याय मिळाला, गावकरीचा हात सुटला, बांध कुळांच्या संघटनांकडे आले. मासळीचा भाव मात्र भातापेक्षा कितीतरी वर गेला होता. मानस लिलावात घेणाऱ्याला खारं पाणी आत जास्त वेळ राहिलेलं हवं, कारण जितकं पाणी तितकी कोळंबी. शेतकऱ्याला ते बाहेर हवं. पूर्वी या दोघांमध्ये तिसरा होता, गाव. तो गेल्यावर कित्येक ठिकाणी दार उघडंच राहिलं आणि शेतं तळी झाली. दार तेच, लाकूड तेच, भरती तीच. फक्त दार कधी लावायचं हे ठरवण्याचा अधिकार एका बाजूला झुकला.

अर्थशास्त्राचं नोबेल २००९ साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना मिळालं, ते सामायिक साधनं माणसं कशी सांभाळतात याच्या अभ्यासाला. सामायिक चराई कुणाचीच नसते, म्हणून ती उजाडच होणार, असं गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली लिहिलं होतं. ऑस्ट्रॉमबाईंनी जगभरच्या पाटपाण्याच्या, मासेमारीच्या, रानांच्या संस्था पाहून दाखवलं, की माणसं नियम करतात, एकमेकांवर नजर ठेवतात आणि शेकडो वर्षं निभावतात. त्या आमच्या बांधावर आल्या असत्या तर आज्याशी त्यांचं जमलं असतं.

आता अवघड भागाकडे वळते.

बांध फुटून राहिला की आत भरतीचं पाणी येतं. भरतीबरोबर तिवराच्या बिया येतात. दोन-तीन वर्षांत शेतात कांदळवन उभं राहतं. मुंबईच्या आसपास कांदळवनं भराव टाकून मारली जात होती, म्हणून २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ साली ती अंतिम निकालाने पक्की केली. हा निकाल नसता तर मुंबईला आज खाडी उरली नसती, असं मी मानते. पण त्याचा एक परिणाम खारेपाटावर झाला. जिथे माझ्या आजीने भात झोडलं, तिथे आज तिवर उभा आहे. तो तोडता येत नाही. बांध दुरुस्त करायचा तर त्याच्यातून वाट काढावी लागते, त्याला परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत तिवर आणखी एक खाचर पुढे सरकतो. उताऱ्यावर शेत, डोळ्यांसमोर जंगल.

शहरातले माझे पर्यावरणवादी मित्र म्हणतात, मग काय झालं? निसर्गाने आपली जागा परत घेतली. मी त्यांना बांधावर घेऊन जाते. आमच्या जुन्या बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला, तिवराची एक जाड रांग आज्याच्या वेळेपासून आहे. ती तोडायची नाही हा जोळीचा नियम होता, कारण लाट आधी तिच्यावर मोडते आणि मग बांधाला लागते. तिवराची किंमत त्या माणसांना न्यायालयाच्या आधीपासून माहीत होती. त्यांचा प्रश्न झाडाचा नव्हता, जागेचा होता. बांधाच्या बाहेरचा तिवर राखणदार, आतला तिवर म्हणजे बांध हरल्याची खूण. कायद्याला झाड दिसतं, त्याची बाजू दिसत नाही. ही बाजू कायद्यात यावी, एवढंच माझं मागणं आहे: बाहेरचं वन वाढवा, त्यासाठी आमच्याकडून श्रमदान घ्या, आणि आतल्या खांडी बांधायला वेळेत परवानगी द्या. जिथे तिवराचं रान आता दाट झालं आहे आणि परत जाणं शक्य नाही, तिथल्या शेतकऱ्याला जिताडा माशाची तळी करू द्या, भरपाई द्या, काहीतरी द्या. नुसतं नकाशावर हिरवा रंग भरून त्याला विसरू नका.

कारण पाणी वाढतं आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वर आली आणि अलीकडे तिचा वेग वाढतो आहे. वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. शहरातल्या माणसाला वीत काही वाटत नाही. बांधाच्या माथ्यापासून उधाणाच्या पाण्यापर्यंत किती अंतर उरतं, हे ज्याने कंदील धरून पाहिलं आहे त्याला वितीची किंमत विचारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं, वर्षभरात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं.

या बदलाला जुनं ज्ञान पुरं पडेल का, असं मला नेहमी विचारतात. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात ज्ञान म्हणजे एक जुनी पेटी असते. तिच्यात काही नुस्खे ठेवलेत, त्यांतला एखादा चालेल, एखादा नाही. मी जे पाहिलं ते तसं नव्हतं. आज्याने आपल्या बापाच्या उंचीचा बांध कधीच ठेवला नाही. दर वैशाखात मागच्या उधाणाची ओल कुठवर चढली होती ते पाहून तो माती चढवायचा. समुद्र वाढतो आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण ओल त्याला वाचता येत होती. तो परंपरा पाळत होता की बदलत होता? मला या दोहोंत फरक करता येत नाही. आणि हे ओल वाचणं एकट्याचं नव्हतं. चाळीस माणसं एकत्र चालताना कुणाच्या तरी नजरेला ती पडे आणि तिथल्या तिथे भांडण होऊन उंची ठरे. फेरा बंद झाला तेव्हा उंची ठरवणारी ती जागा गेली.

म्हणून हल्ली गावोगाव ज्ञानाच्या नोंदवह्या होतात, त्यांबद्दल मला आदर आहे आणि धास्तीही आहे. माझ्याकडेही असा एक तक्ता भरायला आला होता. 'उघाडी: लाकडी दार, रुंदी अमुक.' दाराची लांबी-रुंदी मी भरली. काटकी अडकली तर पहाटे कोण जायचं, न गेल्यास जोळ काय दंड करायची, दोन घरांत भांडण असताना रांगेत त्यांना शेजारी उभं करायचं की लांब, यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिलं. ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. पनवेलच्या केंद्राने भुरा रत्ता जसा उचलला, त्यात आपलं घातलं आणि पुन्हा शेतकऱ्याच्या हातात दिला, तसं काही जोळीच्या बाबतीत करता येईल का, याचा मी गेली काही वर्षं शोध घेते आहे. कारखान्यात पाळ्या करणारा मुलगा मध्यरात्री हाकेला येऊ शकत नाही, हे मान्य करून नवी जोळ बांधावी लागेल. तो पैसे देईल की सुट्टीच्या दिवशी येईल? जमीन विकून गेलेल्याचं काय? बायकांची नावं जोळीत यायची की नाही? या शेवटच्या प्रश्नावर आमच्या गावात दोन बैठका मोडल्या. तिसऱ्या बैठकीत अकरा बायकांची नावं लिहिली गेली. पहिलं नाव माझ्या चुलतीचं आहे. ती एकाहत्तर वर्षांची आहे आणि बियाण्याचा लाल रत्ता आजही तिच्याकडेच मिळतो.

बोलणं थांबवते, कारण एक निरोप द्यायचा आहे आणि तो मी विसरेन.

आमच्या बाहेरच्या बांधाला दोन खांडी आहेत. एक सात हात, एक चार हात. दोन्हींच्या दुरुस्तीच्या परवानगीचा कागद गेल्या महिन्यात हातात आला. येत्या वैशाखातल्या शुद्ध अष्टमीला काम धरलं आहे. भांगेचे दिवस असल्याने पाणी फार चढणार नाही. आठची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि बारा वाजता पूर्ण ओहोटी. नऊपासून तीनपर्यंत हात चालवता येईल. वासे आणि पेंढा गावाकडे आहे, तिवराच्या फांद्या या वेळी घ्यायच्या नाहीत असं ठरलं आहे. सध्या नावं तेवीस झाली आहेत. चिखलात बूट टिकत नाहीत, अनवाणी यावं लागेल, आणि पाटी असेल तर घरून आणा, गावात आता तेवढ्या उरल्या नाहीत.